मीठ मिसळले पाहिजे

बसा. खुर्चीवर, पलंगाच्या कडेला, सतरंजीवर, जिथे गुडघे तक्रार करणार नाहीत अशा जागी. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून या. हे मनन एका बैठकीत संपवलेच पाहिजे असे नाही. एखाद्या ओळीपाशी मन अडले तर पान खाली ठेवा आणि तिथेच राहा. उरलेले उद्या वाचता येईल. जवळ पवित्र शास्त्र असेल तर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडून ठेवा. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने आपल्या शिष्यांना पृथ्वीचे मीठ म्हटले. त्या वचनाच्या सोबतीने आज थोडा वेळ काढायचा आहे, आणि हा वेळ आपण तळोज्यात काढणार आहोत.

तळोजे मनासमोर आणा. दिवा-पनवेल मार्गावरचे तळोजा पाचनंद स्टेशन, तिथून खडखडत जाणाऱ्या मालगाड्या. जुन्या गावातली आगरी आणि मुसलमान घरे, मशीद, देऊळ. त्यांच्या डोक्यावरून वर गेलेले नव्या वसाहतीचे मनोरे. नोव्हेंबर 2023 पासून बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रो येते, त्यामुळे संध्याकाळी तिथे उतरणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. मागे एमआयडीसीची धुराडी, रस्त्याच्या कडेला उभे कंटेनर. आणि खारघरच्या अंगाला मध्यवर्ती कारागृहाची उंच भिंत. भिंतीच्या अलीकडे मुलाखतीसाठी आलेली माणसे, हातात पिशव्या, पिशव्यांत कपडे.

हे सगळे एकदम दिसायला हवे असे नाही. जे दिसेल ते दिसू द्या. श्वास सावकाश घ्या. मग मनातल्या मनात एवढेच म्हणा: प्रभू, मला या गावाकडे तुझ्या डोळ्यांनी पाहायला शिकव.

आता नदीकडे या. कासाडी नदी. औद्योगिक वसाहतीतून वाहत ती पुढे खाडीला मिळते. 2017 च्या ऑगस्ट महिन्यात तळोज्यातल्या भटक्या कुत्र्यांचे अंग निळे झालेले लोकांनी पाहिले. त्यांची छायाचित्रे जगभर गेली. एका कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या रंगाने ती निळी झाली होती. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारवाई केली, कारखाना बंद करायला लावला. बातमी काही दिवस चालली आणि थांबली.

त्यांतल्या एका कुत्र्याजवळ जरा थांबा. ते अन्नाच्या शोधात गेले असेल. त्याला रंग नको होता. दुसऱ्याच कोणीतरी, कधी न पाहिलेल्या माणसाने, एका नळातून जे सोडून दिले ते त्याच्या अंगावर बसले. आणि ज्याने सोडले त्यालाही कुत्रे रंगवायचे नव्हते. त्याला फक्त आपल्या आवारातली घाण आवाराबाहेर घालवायची होती.

इथे स्वतःला विचारायचे आहे, आणि उत्तराची घाई करायची नाही. माझ्या आवारातून बाहेर काय जाते? ऑफिसातला संताप मी घरी कोणावर सोडतो? माझा जुना कडवटपणा कोणाच्या लहानपणावर बसला आहे? फोनवर मी एखाद्या नातेवाइकाबद्दल बोललो, ते शेजारी अभ्यास करणाऱ्या मुलीने ऐकले; त्या काकांकडे आता ती कोणत्या नजरेने पाहते? चौकीदाराशी, भाजीवाल्याशी, कामाला येणाऱ्या मावशींशी मी ज्या सुरात बोलतो तो सूर त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी जातो का? आपला परिणाम व्हावा असे आपण ठरवत नाही. तो होतच असतो. प्रश्न फक्त काय वाहत जाते एवढाच आहे.

थांबा इथे. कोणाचा चेहरा समोर आला तर त्याला पुढे ढकलू नका.

दुसऱ्या राजे पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात अलीशा संदेष्ट्याची एक छोटी गोष्ट आहे. यरीहोचे लोक त्याच्याकडे आले. नगराची जागा चांगली होती, पण पाणी वाईट होते आणि त्या पाण्याने जमीन नापीक झाली होती. अलीशाने एक नवे भांडे मागवले आणि त्यात मीठ घालून आणायला सांगितले. मग तो ते घेऊन थेट झऱ्याच्या उगमाशी गेला आणि तिथे मीठ टाकले. परमेश्वराने पाणी निरोगी केले.

मला या गोष्टीत नेहमी एकच तपशील धरून ठेवतो. अलीशा घरोघर फिरला नाही. प्रत्येकाच्या रांजणात चिमूटभर मीठ टाकत, हे पाणी असे का ठेवले म्हणून कोणाला बोलत गेला नाही. तो उगमाशी गेला. आपल्याला इतरांना सुधारायचे असते तेव्हा आपण रांजण शोधत हिंडतो: मुलाचा मोबाइल, सुनेचे बोलणे, मंडळीतल्या कोणाचे वागणे. उगम मात्र आपल्या स्वतःच्या अंतःकरणात असतो. तिथे आपण कोणाला येऊ देत नाही, कित्येकदा देवालाही नाही.

प्रार्थना म्हणजे त्याला उगमाशी येऊ देणे.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या संघाला दिवसातून दोनदा मनाची तपासणी करायला शिकवले, दुपारी आणि रात्री. आधी दिवसभरात जे मिळाले त्याबद्दल आभार. मग प्रकाश मागायचा, कारण स्वतःचे मन स्वतःच्या उजेडात नीट दिसत नाही. मग दिवस घडला तसा तास-तास मागे जात पाहायचा. जिथे चुकले तिथे क्षमा मागायची, आणि उद्यासाठी काही ठरवायचे. पंधरा मिनिटांत होणारी ही प्रार्थना आहे आणि ती करायला कोणी धर्मगुरू असावे लागत नाही. आज रात्री करून पाहा. आभारापासून सुरुवात करण्याचा क्रम बदलू नका. आभार न मानता जो स्वतःला तपासायला बसतो तो बहुधा स्वतःला मारायला लागतो, आणि स्वतःला मारणारा माणूस दुसऱ्यालाही सोडत नाही.

आता मिठाकडे या.

पनवेल, उरण, पेण या किनाऱ्याला मीठ नवे नाही. इथल्या आगरी घरांच्या कितीतरी पिढ्या मिठागरांत राबल्या. भरतीचे पाणी खाजणात घ्यायचे, बांध घालून अडवायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत ऊन आणि वाऱ्याकडून ते आटवून घ्यायचे. पाऊस संपल्यावर बांधांची डागडुजी, मग उन्हाळाभर पायांखाली तापलेली खारी जमीन, आणि पुन्हा पाऊस यायच्या आत मीठ ओढून रास करायची. उभे राहून लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढणाऱ्या माणसाचे पाय डोळ्यांसमोर आणा. टाचांच्या भेगांत मीठ शिरलेले असते. 1970 नंतर सिडकोने इथे नवे शहर वसवायला घेतले, पुढे न्हावा-शेवा बंदर आले, आणि त्यात बरीच मिठागरे गेली. ज्यांनी ती पाहिली आहेत अशी वडीलधारी माणसे या पट्ट्यात अजून आहेत.

ज्या माणसाने टाचा फाटेपर्यंत मीठ ओढले आहे त्याला कोणी मीठ म्हटले तर तो शब्द त्याच्या कानाला गोड लागणार नाही. गालील समुद्राच्या काठच्या मासे धरणाऱ्यांनाही तो गोड लागला नसेल. त्यांना मिठाचे काम माहीत होते. कोळणी मासळी खारवतात तेव्हा काय करतात ते आठवा. मासा चिरतात, आत हात घालून मीठ चोळतात. डब्यातले मीठ शेजारच्या टोपलीतली मासळी टिकवू शकत नाही. ते माशाच्या आत जावे लागते, त्याच्या ओलाव्यात विरघळावे लागते, आणि विरघळले की वेगळे काढून दाखवता येत नाही. मासळी टिकते. मीठ दिसत नाही.

आपल्या मनातली शुद्धतेची कल्पना बहुतेक वेळा याच्या उलट असते. सोवळे म्हणजे न शिवणे. जो जितका दूर तो तितका शुद्ध. ख्रिस्ती घरातही हे सोवळे येते, फक्त त्याचे नाव बदलते: त्या माणसांत मिसळू नका, ते प्यायलेले असतात, त्या घरी जाऊ नका, त्यांचा मुलगा आत जाऊन आलाय. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपले सोवळे कसे सुटत गेले ते किती प्रामाणिकपणे लिहिले आहे. कडक सोवळ्याच्या घरातून आलेल्या त्या बाईला ही गाठ सोडवायला किती काळ आणि किती रडणे लागले असेल! ती गाठ एका प्रवचनाने सुटत नाही.

मार्काच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येशूसमोर गुडघे टेकतो. तुमची इच्छा असेल तर मला शुद्ध कराल, असे त्याचे मागणे आहे. येशूला त्याचा कळवळा आला. त्याने हात पुढे केला आणि त्याला स्पर्श केला. नियमशास्त्राच्या हिशेबाने त्या क्षणी येशूच अशुद्ध व्हायला हवा होता. झाले उलटे. स्पर्शातून जे गेले ते येशूकडून रोग्याकडे गेले.

तो हात डोळ्यांसमोर ठेवा. शब्द नंतर आले, हात आधी गेला. कितीतरी वर्षे त्या माणसाला कोणी शिवले नसेल. आता स्वतःला विचारा, मी कोणाला शिवत नाही? शिवणे म्हणजे केवळ हात लावणे नाही. ज्याच्या घरी मी पाणी पीत नाही, ज्याच्या फोनला मी उत्तर देत नाही, ज्याचे नाव निघाले की मी विषय बदलतो, तो कोण आहे? एक नाव पुरे. ते नाव मनात असू द्या, आपल्याला ते पुढे लागणार आहे.

आता कारागृहाच्या भिंतीपाशी या.

8 ऑक्टोबर 2020 रोजी रांचीजवळच्या नामकुम इथल्या 'बगईचा' या केंद्रातून राष्ट्रीय तपास यंत्रणेने फादर स्टॅन स्वामी यांना अटक केली. दुसऱ्या दिवशी ते तळोज्याच्या कारागृहात होते. वय 83. तमिळनाडूच्या तिरुचिरापल्ली जिल्ह्यात जन्मलेला हा येशूसंघीय धर्मगुरू झारखंडच्या आदिवासींत अनेक वर्षे राहिला होता, त्यांच्या जमिनीसाठी बोलला होता, आणि तिथल्या तुरुंगांत खटल्याविना खितपत पडलेल्या तरुणांचा त्याने अभ्यास केला होता. एल्गार परिषद प्रकरणात माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप फादरांवर ठेवला गेला. त्यांनी तो नाकारला. खटला चालण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला, त्यामुळे न्यायालयाचा निकाल त्यांच्याबाबत कधी लागलाच नाही. आज आपण त्या आरोपाची चर्चा करायला बसलेलो नाही. आपण त्यांच्या कोठडीत काही वेळ बसणार आहोत.

त्यांनी बाहेरच्या आपल्या बांधवांना जे लिहून कळवले त्यावरून ती कोठडी आपल्याला बऱ्यापैकी दिसते. साधारण तेरा फूट लांब, आठ फूट रुंद. त्यांच्यासोबत आणखी दोघे कैदी. दुपारी बारा ते तीन आणि संध्याकाळी साडेपाच ते सकाळी सहा कोठडी बंद. बाकीच्या वेळात दार उघडे, तेव्हा इतरांना भेटता येई. त्यांना पार्किन्सन होता. हात कापत. पेला उचलून तोंडाला लावायचा तर पाणी सांडे. दोन्ही कानांनी नीट ऐकू येत नसे. झाकणाचा, नळी असलेला पेला मिळावा म्हणून 6 नोव्हेंबरला न्यायालयात अर्ज झाला. उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवस मागितले. 26 नोव्हेंबरला उत्तर आले की त्यांचा पेला आणि नळी आमच्याकडे नाहीत. पेला त्यांना नंतर तुरुंगाकडून मिळाला. पाणी पिण्याच्या साध्या पेल्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाला इतके थांबावे लागले, हे आठवले की मला आजही शांत बसवत नाही. तुम्हालाही तसे झाले तर त्या अस्वस्थतेला प्रार्थनेतून बाहेर काढू नका. तीही प्रार्थनाच आहे.

पण मला तुम्हाला जे दाखवायचे आहे ते वेगळे आहे. पेला नव्हता त्या दिवसांत ते जेवत कसे होते?

त्याच प्रकरणातले सहआरोपी अरुण फरेरा त्यांना न्याहारी आणि दुपारचे जेवण घ्यायला मदत करत. दुसरे सहआरोपी व्हर्नन गोन्साल्विस त्यांना अंघोळ घालायला मदत करत. रात्रीच्या जेवणाला कोठडीतले ते दोघे सोबती मदत करत, त्यांचे कपडे धूत, दुखणारे गुडघे चोळून देत. हे सगळे फादरांनी स्वतः कळवले आहे, आणि ते दोघे अतिशय गरीब घरचे आहेत हेही आवर्जून कळवले आहे. त्यानंतर त्यांनी प्रार्थनेची विनंती केली. तिच्यात स्वतःच्या सुटकेचे मागणे पहिले नव्हते. माझ्या या सोबत्यांची आणि सहकाऱ्यांची आठवण तुमच्या प्रार्थनेत ठेवा, असा तिचा आशय होता. तळोज्याच्या तुरुंगात एवढे सगळे असूनही माणुसकी उतू जाते आहे, असेही त्यांनी लिहिले.

इथे खूप वेळ थांबा. मला हे मननाचे हृदय वाटते.

धर्मगुरू म्हटला की आपल्या मनात देणारा हात येतो. मिस्सा अर्पण करणारा, आशीर्वाद देणारा, पापनिवेदन ऐकणारा. या माणसाचा हात आता काहीच देऊ शकत नव्हता. तो घास घेत होता. अंग पुसून घेत होता. गुडघा चोळायला दुसऱ्याच्या हाती देत होता. आणि त्या देण्यातून, बाहेरच्या जगाने ज्यांच्यावर फक्त कैदी असा शिक्का मारला होता अशा दोन गरीब माणसांमधली सेवा बाहेर आली. कोणी कोणाला शुद्ध केले? मी या प्रश्नापाशी पुष्कळदा बसलो आहे. मला वाटते, फादरांचा तिथला सर्वांत मोठा प्रभाव त्यांच्या बोलण्यातून पडला नसेल. त्यांना नीट ऐकूही येत नव्हते. दुसऱ्याचा हात स्वीकारण्यातली त्यांची कृतज्ञता, आणि ज्याने घास भरवला त्याचे नाव घेऊन रात्री देवासमोर जाणे, एवढेच त्यांच्याजवळ उरले होते. तेच तिथे मिसळले.

आपल्यापैकी कितीतरी जणांना मदत घेता येत नाही. आजारपणातसुद्धा आपण सुनेला, मुलाला, शेजारणीला जवळ येऊ देत नाही. कोणाला त्रास नको म्हणतो. त्यात प्रेम थोडे आणि अभिमान जास्त असतो. दुसऱ्याला चांगले वागण्याची संधी देणे हाही एक उपकार आहे, आणि तो करायला नम्रता लागते. तुमच्या घरात कोणी असेल, ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात की याला कोणाची पर्वा नाही, त्याच्याकडे एकदा खरोखरची मदत मागून पाहा. चहा करून दे म्हणा, पाय चेपून दे म्हणा. उपदेशाने जे हलत नाही ते पुष्कळदा असे हलते.

जानेवारी 2021 मध्ये तुरुंगात शंभर दिवस झाले तेव्हा फादरांनी लिहिले ते कच्च्या कैद्यांबद्दल होते. आपल्यावर कोणता आरोप आहे हेही अनेकांना माहीत नाही, आरोपपत्र त्यांनी पाहिलेले नाही, वकील नाही, आणि वर्षे जात आहेत. मार्चमध्ये विशेष न्यायालयाने फादरांचा जामीन नाकारला. 21 मे रोजी ते व्हिडिओद्वारे मुंबई उच्च न्यायालयासमोर आले. आलो तेव्हा शरीर चालत होते, आता मला स्वतःच्या हाताने जेवता येत नाही, हे त्यांनी सांगितले. सरकारी रुग्णालयात जायला त्यांनी नकार दिला. त्यापेक्षा इथेच मरण आले तरी चालेल, पण मला माझ्या माणसांत राहायचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 28 मे रोजी त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवले. तिथे त्यांना कोविड झाल्याचे कळले. 5 जुलैला ते गेले. त्याच दिवशी त्यांच्या जामिनाची सुनावणी होती आणि तीत न्यायालयाला ही बातमी सांगण्यात आली.

आता 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सोळावा अध्याय उघडा. फिलिप्पै नगराचा तुरुंग. पौल आणि सीला यांना फटके मारून आतल्या कोठडीत टाकले आहे, पाय खोड्यात अडकवले आहेत. मध्यरात्री ते प्रार्थना करत आणि देवाची स्तुती गात होते. या पुस्तकाचा लेखक लूक पुढे एक साधी गोष्ट नोंदवतो: बाकीचे बंदिवान ऐकत होते.

त्या ऐकणाऱ्यांपैकी एक व्हा. तुम्ही चोर असाल, कर्जबुडवे असाल, कोणाचे डोके फोडून आला असाल. पलीकडच्या अंधारातून दोन अनोळखी माणसांचे गाणे येते आहे. ते तुम्हाला काही शिकवत नाहीत, तुमच्याकडे पाहतही नाहीत. त्यांच्या पाठी फुटल्या आहेत हे तुम्ही संध्याकाळी पाहिले आहे. तुमच्या आत काय होते?

मग भूकंप झाला, दारे उघडली, सगळ्यांची बंधने सुटली. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला वाटले कैदी पळाले, आणि त्याने स्वतःला संपवण्यासाठी तलवार उपसली. पौलाने ओरडून सांगितले की आम्ही सगळे इथेच आहोत. सगळे! गाणारे दोघे थांबले हे समजू शकते. ऐकणारे का थांबले, याचे कारण लूक देत नाही. ते आपल्या मननावर सोडलेले आहे.

त्याच रात्री त्या अधिकाऱ्याने पौल आणि सीला यांच्या जखमा धुतल्या. त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा त्यानंतर झाला, आणि मग त्याने त्यांना आपल्या घरी जेवू घातले. हा क्रम पाहा. आधी त्याने जखमा धुतल्या. तळोज्यातला अंघोळीचा तांब्या आणि फिलिप्पैतले हे पाणी मला एकाच प्रार्थनेतले वाटते.

इथे एका धोक्याबद्दल बोलले पाहिजे. आपण मीठ आहोत हे कळले की आपल्याला मासा नासका वाटायला लागतो. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानत होता, पण शेजारच्या जकातदाराकडे बोट दाखवून. त्याच्या प्रार्थनेत दुसरा माणूस होता तो केवळ तुलनेसाठी. जकातदार वर पाहायलाही तयार नव्हता, छाती बडवून दया मागत होता, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो. म्हणून आपण दुसऱ्यासाठी प्रार्थना करतो तेव्हा ती नीट ऐका. 'प्रभू, माझ्या भावाला सुबुद्धी दे' या वाक्यात किती प्रेम आहे आणि किती तक्रार? मंडळीतल्या प्रार्थनासभेत प्रार्थनेच्या नावाखाली एखाद्याची अब्रू चव्हाट्यावर आणली जाते, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. ती प्रार्थना नाही. ते कासाडीत सोडलेले पाणी आहे.

मघाशी मनात ठेवलेले नाव आता घ्या. ज्याला आपण शिवत नाही तो माणूस.

त्याला देवासमोर आणा, पण त्याचे दोष सोबत आणू नका. देवाला ते माहीत आहेत. त्याचे तोंड पाहा. तो लहान होता तेव्हा कसा दिसत असेल ते पाहा. त्याला रात्री झोप येते का, त्याला कशाची भीती वाटते, त्याच्या घरात कोण आजारी आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत नसेल तर तेवढेच देवाला सांगा, की मला याच्याबद्दल काहीच माहीत नाही. मग त्याच्यासाठी असे काही मागा जे मिळाल्याने तुमचा काही फायदा होणार नाही. त्याचे गुडघे बरे होवोत. त्याच्या मुलाला नोकरी लागो. असे मागताना घसा अडला तर अडू द्या. उगमाशी मीठ पडते ते इथेच.

ही प्रार्थना रोज करा आणि परिणाम मोजू नका. तो माणूस बदलला का हे पाहायला लागलात की पुन्हा रांजण शोधत हिंडणे सुरू होते.

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम सदोमासाठी देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस, वीस, आणि शेवटी दहा. दहांसाठीही नगर राखीन असे देवाने कबूल केले. या संवादात मला अब्राहामाची चिकाटी भिडते, पण त्याहून त्याचे धाडस भिडते: तो आपल्या नगरासाठी बोलत नव्हता. सदोम त्याचे नव्हते. तिथले लोक कसे होते ते त्याला ठाऊक होते. तरी तो समोर उभा राहिला आणि मागत राहिला.

तळोज्यासाठी असे कोण उभे राहते? शेजारच्या मनोऱ्यांत रविवारी मराठीत, हिंदीत, मल्याळममध्ये, तमिळमध्ये उपासना होतात. फ्लॅटच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून कॉटेज मीटिंग होतात. खिडकी उघडली तर कारखान्यांचा वास आत येतो. पलीकडे भिंत आहे. आपल्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत परीक्षा, व्हिसा, गर्भारपणे, ऑपरेशने येतात आणि ती यावीत. भिंतीमागची माणसे किती वेळा येतात?

2022 च्या अखेरीस भारताच्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसे होती आणि त्यांतली चारांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. येत्या रविवारी मध्यस्थीच्या वेळी तळोज्याच्या कैद्यांसाठी, त्यांच्या कुटुंबांसाठी आणि तिथल्या पहारेकऱ्यांसाठीही मोठ्याने प्रार्थना करा. पाळक किंवा फादर विसरले तर तुम्ही उठून करा. मंडळीत कोणी वकील असेल तर त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नाव नोंदवायला सांगा, तिथे गरीब कैद्यांना मोफत वकील मिळतो. आणि तुम्ही तळोज्यात किंवा खारघरला राहत असाल तर मुलाखतीच्या दिवशी फाटकाबाहेर उन्हात उभ्या असलेल्या बायकांना पाणी नेऊन द्या, आणि त्यांची नावे विचारा.